फोटोग्राफी नव्याने शिकताना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

नवा कॅमेरा हातात आला की पहिल्या महिन्यात पडणारे प्रश्न बहुतेकांचे सारखेच असतात. फोटो हलला, चेहरा काळा आला, घरात सगळं पिवळं दिसतंय, आणि ‘कोणती लेन्स घेऊ?’ हा तर हमखास. ओळखीच्यांना शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत. अडलेला तेवढाच प्रश्न वाचलात तरी चालेल. फक्त ॲपर्चर, शटर आणि आयएसओचं उत्तर आधी वाचून घ्या, कारण पुढे ते शब्द सारखे येत राहतात.

शिकायला कोणता कॅमेरा घेऊ? मोबाइल चालेल का?

हातात आहे तो घ्या. मोबाइल असेल तर मोबाइल. प्रकाश कुठून येतोय, आपण कुठे उभे आहोत, चौकटीत काय घ्यायचं आणि बटण कधी दाबायचं, हे सगळं मोबाइलवर अगदी व्यवस्थित शिकता येतं.

अडतं ते पुढे. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं छिद्र लहानमोठं करता येत नाही. उजेड टिपणारा सेन्सर जेमतेम करंगळीच्या नखाएवढा असतो. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी लेन्समुळे आलेली नसते, ती हिशेब करून रंगवलेली असते. म्हणून कधी चष्म्याची काडी, कधी केसांची एखादी सुटी बट मागच्या भिंतीबरोबर पुसली जाते. हे खटकायला लागलं की कॅमेऱ्याचा विचार करा, त्याआधी नको.

कॅमेरा घ्यायचाच झाला तर डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (आरसा नसलेला) याचा काथ्याकूट करत बसू नका. ॲपर्चर, शटर आणि आयएसओ स्वतःला ठरवता येतात का, आणि कॅमेरा हातात नीट बसतो का, एवढं पाहा. दुसरी गोष्ट लोक विसरतात. जड वाटतो म्हणून जो कॅमेरा कपाटातच राहतो, त्याच्यावर कोणी काही शिकत नाही.

किती मेगापिक्सेल हवेत?

तुमच्याकडे आहेत तेवढे पुरतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने त्याचा २० × १३ इंचांचा छान प्रिंट निघतो. फोर-के पडदा संपूर्ण भरायलासुद्धा ८३ लाखच पिक्सेल लागतात, म्हणजे ८ मेगापिक्सेलच्या जरा वर. जास्त पिक्सेल असले की फोटो नंतर कापायला मोकळीक मिळते, हे खरं. पण हललेला फोटो ५० मेगापिक्सेलमध्ये काढला, तर तो ५० मेगापिक्सेलमध्ये हललेला दिसतो, इतकंच.

ॲपर्चर, शटर स्पीड, आयएसओ: हे त्रांगडं एकदा सोपं करून सांगा ना.

कॅमेऱ्यात किती उजेड शिरतो हे दोन गोष्टी ठरवतात: लेन्सचं छिद्र किती मोठं आहे आणि ते किती वेळ उघडं आहे. छिद्र म्हणजे ॲपर्चर, वेळ म्हणजे शटर स्पीड. आत आलेल्या उजेडाचा संदेश किती वाढवायचा ते आयएसओ ठरवतो. रेडिओचा आवाज वाढवतो तसंच हे. स्टेशन नीट लागलं नसेल तर आवाजाबरोबर खरखरही वाढते.

ॲपर्चरचे आकडे सगळ्यांना उलटे वाटतात. एफ/२ मोठं छिद्र आणि एफ/१६ लहान, असं का? कारण तो भागाकार आहे. ५० मिमी लेन्सला (हा मिमीचा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, तो जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) एफ/२ म्हणजे ५० भागिले २, अर्थात २५ मिमी व्यासाचं छिद्र. एफ/८ म्हणजे ५० भागिले ८, जेमतेम सव्वासहा मिमी. छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो, शाळेतलंच गणित. एफ/१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या ओळीत एकेक पायरी पुढे गेलं की उजेड निम्मा होतो. पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात, आणि हा एक शब्द पक्का झाला की बाकीचं आपोआप बसतं, कारण तिन्ही गोष्टी स्टॉपमध्येच मोजतात. शटर १/१२५, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग, यावरून १/२५० केलं की एक स्टॉप उजेड कमी. आयएसओ २०० वरून ४०० केला की फोटो एक स्टॉप उजळ.

म्हणजे एफ/८, १/१२५, आयएसओ २०० या फोटोचा उजळपणा आणि एफ/४, १/५००, आयएसओ २०० याचा उजळपणा एकच. फोटो मात्र एक नाही. दुसऱ्यात मागचं जास्त धूसर होईल आणि पळणारं मूल जागच्या जागी गोठेल. उजेड इकडून घ्यायचा की तिकडून, हा निर्णय तुमचा. फोटो कसा दिसणार ते त्याच्यावर ठरतं.

शटर म्हणजे काय ते दाखवणारं सर्वांत सुंदर उदाहरण फार जुनं आहे. १८३८ च्या सुमारास फोटोग्राफीच्या सुरुवातीचे फ्रेंच संशोधक लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलवार द्यू ताँप्ल या वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता त्यात ओसाड दिसतो. गाड्या होत्या, माणसं होती, पण प्लेटवर उमटायला कित्येक मिनिटं लागत होती आणि तेवढा वेळ कोणीच थांबलं नाही. एक माणूस मात्र ठळक उमटला, कारण तो बूट पॉलिश करून घेत उभा होता.

कॅमेरा कोणत्या मोडवर ठेवू? खरे फोटोग्राफर मॅन्युअलच वापरतात ना?

नाही. सुरुवातीला डायल ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर ठेवा. ॲपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो. महिनाभर फक्त तेवढंच फिरवा आणि शटरचा आकडा कसा बदलतो त्याच्यावर लक्ष ठेवा. धावपळीचे फोटो असतील तर ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ मोड, तिथे शटर तुम्ही ठरवायचं. मॅन्युअल, म्हणजे तिन्ही आकडे स्वतः ठरवायचे, लागतो तो उजेड बदलत नसताना, किंवा कॅमेरा सारखा फसत असताना: रात्रीचं आकाश, आतषबाजी, स्टुडिओतला फ्लॅश. उगाच मॅन्युअलवर ठेवून दर फोटोला तीन चाकं फिरवत बसलं की समोरचं हसू ओसरून जातं.

माझे फोटो धूसर येतात. लेन्स खराब आहे का?

बहुधा नाही. लेन्सवर खापर फोडण्याआधी फोटो पडद्यावर १०० टक्के मोठा करा आणि तीन गोष्टी तपासा.

सगळा फोटो, अगदी भिंत आणि खुर्चीसुद्धा, एकाच दिशेने फराटल्यासारखा दिसतोय? मग तुमचा हात हलला. हातात धरून काढताना शटर किमान एक भागिले लेन्सची लांबी (तोच मिमीचा आकडा) इतकं हवं: ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. सेन्सर लहान असेल तर त्याहून दीडपट. कॅमेरा सगळ्या बोटांनी आवळून न धरता डावा तळवा लेन्सखाली आधाराला द्या, कोपर बरगड्यांना टेकवा, श्वास सोडता सोडता बटण हलकेच दाबा. बोटाने टिचकी मारल्यासारखं बटण दाबायची सवय हे हललेल्या फोटोचं फार मोठं कारण आहे.

भिंत स्वच्छ, माणूस मात्र पुसट? मग माणूस हलला. बोलत बसलेल्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या मुलाला १/५०० आणि त्याच्या पुढे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याचं हलणं नाही. हा गैरसमज फार लोकांचा असतो.

तिसरा प्रकार: मागचं झाड कसं लख्ख, आणि चेहरा लोण्यासारखा मऊ. इथे फोकस चुकला. फोकसचा बिंदू कॅमेऱ्यावर सोडला की तो बरेचदा जवळची किंवा ठळक वस्तू धरतो. एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. चेहरा तिरका असेल तर आपल्याला जवळच्या डोळ्यावर. कॅमेऱ्यात डोळे शोधणारा फोकस असेल तर तो चालू करा, त्यात कमीपणा काही नाही.

तिन्हींपैकी काहीच नसेल तर लेन्सची काच पाहा. मोबाइलच्या लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतो आणि माणूस अख्खं वर्ष ‘कॅमेरा बिघडलाय’ म्हणत असतो.

आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो म्हणतात. १०० वरच ठेवू का?

खसखस पेरल्यासारखे दाणे दिसले तर ते सहन होतात, हललेला चेहरा सहन होत नाही. शटर पुरेसं वेगवान होत नसेल तर आयएसओ बिनधास्त वाढवा. गेल्या काही वर्षांतल्या कॅमेऱ्यांवर १६०० किंवा ३२०० ला घाबरण्यासारखं काही नाही.

काम झालं की खाली आणायला मात्र विसरू नका. मी एकदा रात्री ६४०० वर ठेवलेला कॅमेरा तसाच घेऊन सकाळी एका घरगुती समारंभाला गेलो आणि भर उन्हातले सव्वाशे फोटो त्यावरच काढले. दाण्यांचं एक वेळ चाललं असतं, पण मी त्या दिवशी एफ/२ वर होतो आणि शटर शेवटच्या आकड्यावर लुकलुकत होतं, म्हणजे ‘आता याहून वेगवान होता येत नाही’ असं सांगत होतं. मी ते पाहिलंच नाही. जवळजवळ सगळे फोटो पांढरेफटक. तेव्हापासून कॅमेरा पिशवीत घालताना आयएसओ जागेवर आणतो.

पांढरा शर्ट मळका आणि काळं मांजर करड्या रंगाचं का येतं?

कारण कॅमेऱ्याला रंगांची ओळख नाही, त्याला फक्त उजेड मोजता येतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार असं तो धरून चालतो आणि फोटो त्या राखाडीकडे ओढतो. १८ टक्के प्रकाश परत पाठवणारी राखाडी कार्डं मिळतात, ती याच गृहीतकावर उभी आहेत. कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे आताचे मीटर हुशार झालेत, चेहरे ओळखतात, पण चौकट एकाच गडद किंवा फिकट रंगाने भरली की तेही फसतात.

पाच मिनिटांचा एक प्रयोग करा. कॅमेरा ‘ए’ मोडवर ठेवा. खिडकीजवळ एक पांढरी चादर पसरा, चौकट तिने पूर्ण भरा आणि फोटो काढा. मग तिथेच काळं कापड पसरून दुसरा काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवलेत तर चादर कोणती आणि कापड कोणतं ते पटकन सांगता येणार नाही, दोन्ही राखेच्या रंगाची. आता प्लस-मायनस असं चिन्ह असलेलं बटण शोधा. चादरीला अधिक १ द्या, गरज वाटली तर आणखी थोडं. कापडाला उणे १. पांढरं पांढरं येईल, काळं काळं. याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. उलटं वाटेल, पण लक्षात ठेवायचं ते असं: पांढऱ्याला वाढवा, काळ्याला कमी करा.

हा प्रयोग मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी करायला लावतो. कॅमेरा आपल्यासारखं पाहत नाही हे वाचून पटत नाही. ती राखाडी चादर दिसली की पटतं.

खिडकीसमोर उभं केलं की चेहरा काळा पडतो. काय करू?

वरचंच दुखणं. खिडकीचा झगझगाट पाहून कॅमेरा सगळा फोटो दाबतो. चेहऱ्यावर बोट ठेवून मोबाइलचा उजळपणा वाढवा, किंवा कॅमेऱ्याला अधिक १.५ द्या, बाहेरचं पांढरं होईल, होऊ द्या. त्याहून सोपं म्हणजे माणसाला वळवा. खिडकी त्याच्या पाठीशी न ठेवता बाजूला येऊ द्या.

‘प्रकाश बघायला शिका’ म्हणतात. म्हणजे नक्की काय बघायचं?

वाक्य गुळगुळीत झालंय, पण त्यात करण्यासारखं खरोखर काहीतरी आहे. एक पांढरा कागद चुरगळा, मग अर्धवट उलगडा आणि खिडकीपासून हातभर अंतरावर टेबलावर ठेवा. खोलीतले दिवे बंद. आता खिडकी तुमच्या पाठीशी येईल असे उभे राहा. कागद सपाट दिसेल, सुरकुत्या जवळपास गायब. तिथून हळूहळू टेबलाभोवती फिरा. खिडकी तुमच्या बाजूला आली की एकेक घडी वर उठते, प्रत्येक सुरकुतीला एक उजळ कड आणि एक सावली मिळते. आणखी पुढे जाऊन खिडकी समोर घेतलीत की कागदाच्या पातळ भागातून उजेड झिरपतो, कडा चमकतात आणि मधला भाग काळवंडतो. वस्तू तीच, उजेड तोच. फक्त तुम्ही चार पावलं चाललात.

आता खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा. सावल्यांच्या कडा विरघळतात. उजेडाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावली मऊ. सूर्य प्रचंड असला तरी आपल्याला तो एवढासा टिकलीसारखा दिसतो, म्हणून दुपारची सावली सुरीने कापल्यासारखी असते. ढग आले की अख्खं आकाशच दिवा होतं आणि चेहरे एकदम छान येतात. ढगाळ हवेत ‘आज फोटो नाहीत’ म्हणून कॅमेरा आत ठेवणारे लोक पोर्ट्रेटची सर्वांत चांगली वेळ घालवतात.

कागदाच्या जागी माणसाचा चेहरा ठेवा, उत्तर तेच. नाकाची सावली कुठे पडतेय आणि डोळ्यांत खिडकीचा ठिपका चमकतोय का, एवढं पाहायची सवय लागली की पुरे.

फ्लॅश वापरू की नको?

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश अंधारात वापरून लोक निराश होतात. कारण साधं आहे: अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथा हिस्सा उरतो. एक मीटरवरच्या माणसाला जेवढा मिळतो, त्याच्या सोळावा हिस्सा चार मीटरवरच्याला. म्हणून ग्रुप फोटोत पुढची रांग भुतासारखी पांढरी आणि मागची अंधारात.

गंमत म्हणजे तोच फ्लॅश भर दुपारी फार कामाचा. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली खड्डे पडतात, ते तो भरून काढतो. वेगळा फ्लॅश असेल तर त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे करा. छतच मोठा, मऊ दिवा होतं. छत रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरेल, तेवढं पाहून घ्या.

घरातले फोटो पिवळे आणि सावलीतले निळसर का येतात?

उजेडालाच रंग असतो. डोळे तो सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला सांगावा लागतो. रंग केल्विनमध्ये मोजतात: मेणबत्ती १९०० च्या आसपास, पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन ५५००, मोकळ्या आकाशाखालची सावली ७००० आणि वर. कॅमेऱ्यातल्या व्हाइट बॅलन्समध्ये ढग, सूर्य, बल्ब अशी चित्रं असतात. समोरच्या उजेडाशी जुळणारं निवडा.

एक जागा गोंधळाची आहे. बल्ब ३००० चा असताना तुम्ही आकडा ७००० केलात तर फोटो निळा न होता आणखी पिवळा होतो. तुम्ही कॅमेऱ्याला ‘उजेड फार निळा आहे’ असं सांगितलंत, म्हणून तो बिचारा पिवळं ओततो.

खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र असतील तर कुठलीच सेटिंग पूर्ण बसत नाही. बल्ब बंद करा. आणि हो, संध्याकाळचं सोनेरी ऊन ‘दुरुस्त’ करू नका.

एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात.

काही दिवे विजेबरोबर लुकलुकत असतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा. शटर १/५० किंवा १/१०० करा. ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०. शिवाय सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बंद करा.

सेल्फीत नाक मोठं का दिसतं?

नाक निर्दोष आहे, अंतराचा दोष. नाकाचं टोक कानांच्या १० ते १२ सेंटिमीटर पुढे असतं. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरलात तर कान ४२ वर. म्हणजे कानांच्या तुलनेत नाक १.४ पट मोठं उमटणार. दोन मीटर मागे जा: २०० विरुद्ध २१२, फरक जाणवतही नाही. लोक याचं खापर वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सवर फोडतात. वाइड लेन्स फक्त तुम्हाला जवळ जायला लावते. चेहरा बदलतो तो जवळ गेल्यामुळे. पोर्ट्रेट काढताना आधी दीड-दोन मीटरवर उभे राहा आणि मग झूम करा.

मागचं सगळं छान धूसर कसं करायचं?

छिद्र मोठं, म्हणजे एफचा आकडा लहान. लेन्स लांब, म्हणजे मिमीचा आकडा मोठा. माणूस तुमच्या जवळ, आणि पार्श्वभूमी माणसापासून लांब. यातली शेवटची गोष्ट फुकट आहे आणि तीच कोणी करत नाही: माणसाला भिंतीला टेकवून उभं करतात आणि मग लेन्सला नावं ठेवतात. भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सनेही, पूर्ण झूम करून, मागचं बऱ्यापैकी विरतं.

पण प्रत्येक फोटोत ते हवंच असं नाही. माणूस कुठे आहे हे सांगायचं असेल तर मागचं दिसलं पाहिजे.

एक तृतीयांशाचा नियम पाळायलाच हवा का?

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडायचे आणि मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची, एवढाच तो नियम. सगळं अगदी मधोमध ठेवायची सवय मोडायला चांगला. सवय मोडली की नियमही सोडा.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कडांची तपासणी. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. कोणाची अर्धी कोपर आत आलीय का, डोक्यातून खांब उगवलाय का, क्षितिज कललंय का. बहुतेक वेळा अर्धं पाऊल सरकलं की सुटतं.

नंतर कापणं म्हणजे फसवणूक नव्हे. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ फोटो कापण्याच्या सक्त विरोधात होते, तरी १९३२ मध्ये पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे घेतलेला, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा प्रसिद्ध फोटो कापलेलाच आहे. फोटो कुंपणाच्या फटीतून घेतला होता आणि डावीकडे कुंपण आलं होतं.

रॉ की जेपेग?

फोटो साठवायचे हे दोन प्रकार. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे काळवंडलेला चेहरा नंतर उजळायचा झाला तर रॉमध्ये मालमसाला शिल्लक असतो. व्हाइट बॅलन्सही नंतर बदलता येतो. पण रॉ म्हणजे कच्चा माल, तो कॉम्प्युटरवर बसून तयार करावा लागतो. पहिले दोन-तीन महिने दोन्ही एकदम साठवा. जेपेग वापरा, रॉ जपून ठेवा. वर्षभराने तेच फोटो पुन्हा उघडाल तेव्हा बरं वाटेल.

चंद्र नेहमी पांढरा ठिपकाच का येतो?

चंद्र म्हणजे भर उन्हातला दगड, रात्रीची वस्तू नव्हे. कॅमेरा आजूबाजूचा काळोख पाहून फोटो उजळतो आणि चंद्र जळून जातो. पूर्ण चंद्राला मॅन्युअलवर एफ/११, आयएसओ १००, शटर १/१२५ लावून पाहा, डाग दिसायला लागतील. मात्र ५० मिमी लेन्सने चंद्र सेन्सरवर अर्धा मिमीसुद्धा भरत नाही, २०० मिमीला पावणेदोन मिमी. मोठा चंद्र हवा तर लांब लेन्सला पर्याय नाही.

आता पुढची लेन्स कोणती घेऊ?

तुमच्या शेवटच्या दोनशे फोटोंची माहिती उघडा. कोणत्या मिमीवर काढला ते प्रत्येक फाइलमध्ये लिहिलेलं असतं. बहुतेक फोटो झूमच्या शेवटच्या टोकाला असतील तर लांब लेन्स, पहिल्या टोकाला असतील तर वाइड. मधेच घोटाळत असतील आणि घरात उजेड कमी पडत असेल तर ५० किंवा ३५ मिमी एफ/१.८. झूम नसलेली लेन्स पायांना कामाला लावते.

लेन्स कशी पुसायची? आणि ती जाळी कसली?

आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर मायक्रोफायबर कापड. धुळीवरच कापड फिरवलं तर त्या धुळीचंच सँडपेपर होतं. सदऱ्याचं टोक नको.

कोळ्याच्या जाळ्यासारखं आत दिसतंय ती बुरशी. दमट हवा, अंधार आणि बंद डबा तिला मानवतो. माझी पहिली लेन्स मी फार काळजीने तिच्या कातडी पाकिटात वर्षभर जपून ठेवली. बाहेर काढली तेव्हा आत जाळं पसरलेलं. लेन्स हवाबंद डब्यात, पण ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबतच ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के राखा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वापरत राहा. थंड खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं.

कार्डवरचे फोटो चुकून उडाले!

कॅमेरा बंद करा, कार्ड काढा आणि त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. डिलीट केल्यावर बहुतेक वेळा फोटोची नोंद तेवढी पुसली जाते, फोटो तिथेच असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेचदा परत मिळतात. यापुढे मात्र कार्ड रिकामं करण्याआधी फोटो दोन जागी उतरवा आणि दुसरी जागा पहिल्या जागेच्या शेजारच्या खणात नसावी.

अनोळखी लोकांचे फोटो काढायला भीती वाटते.

वाटणारच. लांबून झूम लावून चोरून काढू नका. ते दिसतं, आणि फोटोतही उतरतं. जवळ जा, कॅमेरा दिसू द्या, नजरेनेच विचारा. मान डावी-उजवीकडे हलली की हसून पुढे निघा. लहान मुलांच्या बाबतीत सोबतच्या मोठ्या माणसाला तोंडाने विचारायचं, नजरेने नाही.

रोज काय सराव करू?

एकच वस्तू निवडा: खुर्ची, चपलांचा जोड, खिडकीतली कुंडी. आठवडाभर रोज तिचे दहा फोटो, रोज वेगळ्या वेळी. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल, चौथ्या दिवशी तुम्ही जमिनीवर आडवे होऊन काढाल. आठवड्याच्या शेवटी सत्तरमधले तीन ठेवा आणि बाकीचे का नाही ठेवले ते प्रत्येकाबद्दल एका ओळीत लिहा. ‘आवडला नाही’ असं लिहायला बंदी. ‘मागे पांढरा चौकोन आला’, ‘सावली दोन्ही बाजूंनी पडली’ असं काहीतरी नेमकं हवं. पुढच्या आठवड्यात दुसरी वस्तू घ्या.